कारखानीस साखळीचं बारसं

आमच्या कारखानीस सरांची प्रबंध वाचायची एक पद्धत होती. काळ्या रेक्झिनची बांधणी हातात आली की ते ती मागून उघडायचे. मागं संदर्भसूची. तिच्यावरून बोट फिरवत स्वतःचं नाव शोधायचे. ते भरपूर वेळा सापडलं की मान डोलवायची, ‘काम चांगलं झालंय’ म्हणायचं आणि प्रबंध मिटायचा. कमी सापडलं तर ‘अजून वाचन वाढवा’. मधली पानं म्हणजे विद्यार्थी आणि त्याचं नशीब.

डॉ. श्यामसुंदर कारखानीस हे आमच्या नेरूळच्या कॉलेजात गणिताचे विभागप्रमुख आणि माझे गाईड. मी त्याच विभागात हंगामी लेक्चरर. हंगामी म्हणजे दर जूनला नवं पत्र आणि दर एप्रिलला नारळ. शहाण्णव साली एकदाची कायम जागा निघाली आणि तिला अट लागली पीएचडीची. जूनच्या आत झाली तर जागा माझी, नाही झाली तर बाहेरचा कुणी येऊन बसणार. घरी सासूबाईंनी, वेणूबाईंनी, त्याचीही सोय करून ठेवली होती. सासरे हौसेराव साबळे यांचा कळंबोलीच्या लोखंड बाजारात सळ्यांचा धंदा, घरही तिथंच. ‘न्हाई झालं तर गोडाऊनच्या हापिसात बस,’ वेणूबाई म्हणायच्या. ‘फोन घ्यायचा, चलन फाडायचं. घरचं काम हाय, कमीपणा कसला त्यात?’ कमीपणा नव्हताच. पण मी गणित शिकले होते ते सळ्यांच्या ट्रका मोजायला नव्हे.

आता ते गणित काय होतं ते सांगते. घाबरू नका, परीक्षा नाही.

एका रेषेत मणी ठेवा आणि दर दोन मण्यांमध्ये एक स्प्रिंग. आता एका मण्याला टिचकी मारा. स्प्रिंगा कशाही असल्या तर धक्का इकडंतिकडं सांडतो, सगळी साखळी थरथरते, आणि थोड्या वेळानं टिचकी कुठं मारली होती ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. पण स्प्रिंग एका ठरावीक जातीची असली तर त्या धक्क्याचा एक उंचवटा होतो आणि तो जसाच्या तसा पुढं चालत जातो. समोरून दुसरा उंचवटा आला तर दोघं एकमेकांतून आरपार जातात आणि पलीकडं शाबूत निघतात. जागा जराशी सरकते, एवढंच. अशा साखळीत जितके मणी तितक्या संख्या कायम राहतात. कितीही हलवा, त्या बदलत नाहीत. टोडा साखळी म्हणतात हिला, एका जपानी माणसाच्या नावावरून. अशा गुणी साखळ्या फार नाहीत. म्हणून लोक काय करतात, आहे त्या साखळीत एक बारीकसा एप्सिलॉन घालून तिला किंचित वाकडी करतात आणि बघतात, एवढं वाकवूनही त्या संख्या टिकतात का. याला विरूपण म्हणतात. बहुतेक वेळा नाही टिकत. टिकल्या, तर तुम्हाला कदाचित नवी साखळी सापडली.

सरांनी त्यातलं ‘कदाचित’ गाळलं होतं. तरुणपणी त्यांनी एक साखळी वाकवली, संख्या टिकल्या, आणि त्यांनी लगेच तिला नाव दिलं: कारखानीस साखळी. मग ‘कारखानीस साखळीविषयी काही निरीक्षणे’, मग ‘आणखी काही निरीक्षणे’, मग ‘निरीक्षणांवरील टिप्पणी’. एका साखळीवर माणसानं अख्खी नोकरी काढली. घाटावरच्या एका विद्यापीठात त्यांचे मित्र होते, डॉ. सयाजी घोरपडे. त्यांचीही एक साखळी होती, घोरपडे साखळी. हे त्यांच्या साखळीचं कौतुक करायचे, ते यांच्या. हे त्यांच्या विद्यार्थ्यांचे परीक्षक, ते यांच्या. उंटाच्या लग्नात गाढव गवई, आणि गाढवाच्या लग्नात उंट.

माझा विषय काय, ते सांगायला नकोच. ‘कारखानीस साखळीतील अचल राशी.’ मी मागितला नव्हता. पोरीला स्थळ सांगून येतं तसा तो आला आणि ‘घर चांगलं आहे’ म्हणून मी हो म्हटलं.

स्थळावरून आठवलं. मी मूळची दिवाळे गावच्या कोळ्याची पोर, भावना जयदेव कोळी. माझी आई बायजा बेलापूरच्या बाजारात मासळी घेऊन बसायची, आणि तिची जीभ तेवढी मी हुंड्यात आणली. एमएस्सीला असताना विश्वजित साबळे भेटला आणि आम्ही लग्न केलं. साबळे मंडळी साताऱ्याकडची. पोरगा हट्टाला पेटला म्हणून त्यांनी मला करून घेतलं, पण गावाकडं सांगायचं कसं हा वेणूबाईंना मोठाच प्रश्न पडला. त्यांनी तो ताटात सोडवला. लग्नात ताटभर तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात ना, त्यात विश्वजितकडून लिहवून घेतलं: राजनंदिनी. कोळ्याची तर कोळ्याची, निदान नावानं तरी गादीवर बसू दे. माझे बाबा शेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, ‘तांदलान नाव लिवलं त पोर बदलते काय?’ बायजानं त्यांना कोपर मारलं. तांदूळ नंतर कुणीतरी डब्यात भरले, त्यांचा भात झाला असणार. नाव मात्र राहिलं. रेशन कार्डावर गेलं, कॉलेजच्या मस्टरवर गेलं. नव्या नवरीला बोलायला तोंड कुठं असतं.

तर, प्रबंधाची चार प्रकरणं लिहून झाली आणि पाचव्यात घोळ झाला. मी त्या अचल संख्या काढत होते आणि दर वेळी एप्सिलॉन गळून पडत होता. आधी वाटलं, माझीच चूक. पुन्हा केलं, पुन्हा गळला. एका दुपारी सासूबाई झोपल्या होत्या, मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद पसरले आणि मण्यांकडं जरा वेगळं बघितलं. प्रत्येक मण्याच्या जागी तो आणि त्याचा शेजारी यांचं एक ठरावीक मिश्रण घेतलं आणि त्यालाच नवा मणी म्हटलं. सगळं समीकरण त्या नव्या मण्यांत लिहिलं. एप्सिलॉन साफ नाहीसा झाला. समोर उरली ती टोडा साखळी. अंगावर नवी साडी, पण बाई तीच.

मी खाली बसले. आधी आनंद झाला, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं कुणाला न दिसलेली गोष्ट मला दिसली होती, कळंबोलीच्या ओट्यावर, आणि तिची सिद्धता दीड पानाची होती, स्वच्छ. एवढं सुंदर मी त्याआधी काही केलं नव्हतं. मग दुसरी बाजू लक्षात आली. कारखानीस साखळी अशी काही वस्तूच नाही म्हटल्यावर तिच्यावरचा प्रबंध कशावर उभा? आणि प्रबंध नाही तर जून कसला, जागा कसली. सळ्याच मोजायच्या मग.

दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी ते दीड पान वाचलं. वाचलं म्हणजे खरंच वाचलं, कारण त्यांच्या कपाळाची शीर उडायला लागली. मग त्यांनी कागद पालथा घातला आणि त्यावर पेपरवेट ठेवला.

‘समीकरण वेगळं दिसतं की नाही?’

‘दिसतं, सर. पण आहे तेच.’

‘बाई, तुमचं लग्नाआधीचं नाव काय?’

‘भावना कोळी.’

‘आणि आता?’

‘राजनंदिनी साबळे.’

‘मग?’ सर खुर्चीत मागं रेलले. ‘नाव बदललं, आडनाव बदललं, घर बदललं. विद्यापीठसुद्धा प्रतिज्ञापत्र मागतं. तुम्ही आता कोळी आहात का? नाही. नाव बदललं की वस्तू नवी होते. हे मी म्हणत नाही, व्यवहार म्हणतो. ते पाचवं प्रकरण काढून टाका आणि बांधणीला द्या.’

मी ‘बरं’ म्हणाले. बाहेर आल्यावर कान इतके तापले होते की कॅन्टीनमध्ये जाऊन थंड पाणी मारलं. माझ्याच लग्नाचा दाखला देऊन या माणसानं मला गप्प बसवलं होतं, आणि मी बसलेही होते.

पण पाचवं प्रकरण मी काढलं नाही. तसंच बांधायला दिलं. फार धाडस होतं असं नाही, सर मागून वाचतात हे ठाऊक होतं. संदर्भसूचीत त्यांचं नाव ठासून भरलं. त्यांनी बोट फिरवलं, मान डोलवली, ‘काम चांगलं झालंय’. बाहेरचे परीक्षक अर्थात घोरपडे. त्यांचंही नाव सूचीत भरपूर पेरलं होतं. त्यांचा अहवाल आला: ‘अत्यंत मौलिक.’ दोन विद्वानांच्या हातांखालून माझं दीड पान सुखरूप निघालं. आता फक्त तोंडी परीक्षा राहिली होती. तिच्यात विचारायचा प्रश्न आणि द्यायचं उत्तर सरांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं.

तोंडी परीक्षेचं खाणंपिणं उमेदवारानं करायचं, अशी आपल्याकडं रीत. परीक्षकाचं आडनाव घोरपडे आहे कळल्यावर वेणूबाईंना उत्साहाचं भरतं आलं. पहाटेपासून कांदे चिरले, पोहे केले, डबे घेतले, ठेवणीतली पैठणी नेसून माझ्याबरोबर आल्या आणि सभागृहात पहिल्या रांगेत बसल्या. माझा बघण्याचा कार्यक्रमच होता म्हणा ना. पोहे होते, पाहुणे होते, आणि मी साडी सावरत उभी.

घोरपडे सर गोरे, भव्य, मिशीवाले. पोहे त्यांना आवडले. कारखानीस सर ओळख करून द्यायला उठले. आधी स्वतःची साखळी, मग घोरपड्यांची साखळी, मग पुन्हा स्वतःची. शेवटी माझी पाळी आली.

‘आमच्या राजनंदिनीबाई,’ ते मिश्किल हसत म्हणाले, ‘पूर्वी साध्या कोळी होत्या. आता साबळे झाल्या. हेही एक विरूपणच म्हणायचं, आणि बरं का, यशस्वी विरूपण.’

सभागृह हसलं. विद्यार्थी हसले, स्टाफ हसला, विश्वजित मागच्या रांगेत होता तोही हसला, नंतर म्हणाला मला कळलंच नाही काय बोलले ते. वेणूबाईंनी पदर सारखा केला.

घोरपड्यांनी ठरलेला प्रश्न टाकला. ‘तर बाई, कारखानीस साखळीचं वेगळेपण थोडक्यात सांगा.’

ठरलेलं उत्तर मला तोंडपाठ होतं. सकाळी भांगात कुंकू भरतानासुद्धा म्हणून बघितलं होतं. पण ‘साध्या कोळी’ हे दोन शब्द घशात माशाच्या काट्यासारखे अडकले होते. उत्तर काही वर येईना. आलं ते दुसरंच.

‘तिच्यात वेगळेपण नाही, सर,’ मी म्हणाले.

मी खडू घेतला आणि फळ्यावर ते दीड पान उतरवलं. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं. हा मणी, हा शेजारी, हे मिश्रण. हे घातलं, हे कापलं गेलं, एप्सिलॉन गेला. राहिली ती टोडा साखळी. मग बोलायला सुरुवात झालीच आहे तर म्हणून बोलले. ‘लग्नात ताटात तांदूळ पसरून मुलीचं नाव बदलतात. ताट जरा हलवलं की अक्षरं जातात, मुलगी तीच राहते. कारखानीस साखळीचं असंच आहे. टोडा साखळीचं नाव तांदळात लिहून बदललंय, बाकी काही झालेलं नाही.’

कुणी हसलं नाही. कारखानीस सरांचा चेहरा वांग्यासारखा झाला. मी मनातल्या मनात कळंबोलीच्या गोडाऊनात जाऊन फोन उचलला सुद्धा. मग माझं लक्ष घोरपड्यांकडं गेलं. त्यांचा घास तोंडातच राहिला होता आणि बोट टेबलावर काहीतरी लिहीत होतं. लिहिलं, थांबलं, पुन्हा लिहिलं.

‘बाई,’ ते अगदी हळू म्हणाले, ‘एप्सिलॉनच्या जागी उणे एप्सिलॉन घेतला तर?’

उणे एप्सिलॉन म्हणजे त्यांची साखळी. घोरपडे साखळी.

‘तरी हेच निघतं, सर.’

त्यांनी घास गिळला. ‘छान,’ ते मोठ्यानं म्हणाले, ‘फार छान. प्रश्न संपले. चहा घेऊ या.’

मग दोघं केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. बाहेर वेणूबाई मला म्हणाल्या, ‘चारचौघांत तांदळाचं कशाला काढायचं गं? आपल्या घरातलं हाय ते.’ मी कपबश्या गोळा करायला लागले.

बऱ्याच वेळानं मला आत बोलावलं. टेबलावर अहवालाचा कागद होता, भरलेला, फक्त सह्या व्हायच्या होत्या. घोरपड्यांच्या हातात उघडं पेन होतं. दोघांच्याही चेहऱ्यावर तरतरी आली होती, आणि मला तेव्हाच कळायला हवं होतं की काहीतरी शिजलंय.

‘सिद्धता सुंदर आहे,’ घोरपडे म्हणाले. ‘दोन वेगळ्या दिसणाऱ्या साखळ्यांचं मूळ एकच, हा मोठा निष्कर्ष आहे. मौलिक आहे. आम्ही तो छापायला पाठवतो आहोत.’

‘आम्ही म्हणजे?’

‘या निष्कर्षाला नाव हवं ना,’ कारखानीस सर म्हणाले. ‘आम्ही विचार केला. कारखानीस–घोरपडे प्रमेय. साखळ्या आमच्या, तेव्हा ते ओघानंच येतं.’

मला आधी नीट ऐकू आल्यासारखंच वाटलं नाही. ज्या दीड पानानं या दोघांच्या आयुष्यभराच्या साखळ्या मोडीत काढल्या, त्या दीड पानाचंच बारसं मांडून हे दोघं पाळण्याला हात लावून बसले होते.

‘सर, ते प्रमेय माझं आहे.’

‘तुमचं नाव प्रबंधाच्या मुखपृष्ठावर आहेच की,’ घोरपडे म्हणाले. पेन कागदाच्या वर तरंगत होतं. खाली येत नव्हतं.

‘आणि बाई,’ कारखानीस सर म्हणाले, अगदी गोड आवाजात, ‘तुम्हीच आत्ता फळ्यावर सिद्ध केलंत. नाव बदलल्यानं वस्तूत काही फरक पडत नाही. मग तुमची हरकत कशाला असावी?’

दोन महिन्यांपूर्वी याच खुर्चीत बसून याच माणसानं मला सांगितलं होतं की नाव बदललं की वस्तू नवी होते. मला इतका संताप आला की त्या पोह्यांची ताटली त्यांच्या टकलावर पालथी घालावीशी वाटली. माझ्या जागी माझी आई असती तर तिनं घातली असती आणि वर दोन शिव्या हासडल्या असत्या. पण माझ्या आईला जूनच्या आत पीएचडी नको होती. मला हवी होती. मी त्या पेनाकडं बघत राहिले. हे लिहिताना लाज वाटते असंही नाही आणि नाही असंही नाही. मी म्हणाले, ‘ठेवा.’

पेन खाली आलं. दोन सह्या झाल्या. घोरपड्यांनी उरलेले पोहे डब्यातून बरोबर नेले.

जागा मिळाली, कायम. कळंबोलीच्या दारावर पितळी पाटी लागली, ‘डॉ. राजनंदिनी वि. साबळे’, आणि वेणूबाई ती दर शुक्रवारी चिंच लावून घासतात. प्रमेय छापून आलं, दोन नावांचं. शेवटी आभारात बारीक अक्षरांत ‘चर्चेत सहभाग घेतल्याबद्दल श्रीमती साबळे’. कारखानीस सर आता नव्या विद्यार्थ्याला दोन एप्सिलॉनवाली साखळी करायला सांगताहेत. तिचं नाव आधीच ठरलंय.

परवा एमएस्सीच्या वर्गात ते प्रमेय शिकवायची वेळ आली. अभ्यासक्रमात आलंय. मी ते फळ्यावर सिद्ध केलं, नाव न लिहिता. मोनाली म्हणून एक मुलगी आहे, पहिल्या बाकावर बसते, लग्न ठरलंय तिचं, हातावर साखरपुड्याची अंगठी. ती वहीतून मान वर करून म्हणाली, ‘मॅडम, पुस्तकात तर याला कारखानीस–घोरपडे प्रमेय म्हटलंय. हे दोघं एकत्र काम करायचे का?’

‘एकत्र पोहे खायचे,’ मी म्हणाले. वर्ग हसला.

‘मग प्रमेय कुणाचं?’

‘भावना कोळी म्हणून एक मुलगी होती. दिवाळ्याची. तिचं.’

मोनालीनं ते नाव समासात लिहून घेतलं. ‘पण मॅडम, तिचं नाव कुठंच कसं नाही? पुढं काय झालं तिचं?’

‘काय व्हायचंय?’ मी म्हणाले. ‘लग्न झालं तिचं. हं, आता पुढचं उदाहरण घ्या.’